बाबांचं नाक

सकाळी उठल्यावर लोक देवाला हात जोडतात, मोबाइल बघतात, चहाचं आधण ठेवतात. मी हिंगाची डबी उघडते. नाकाशी धरते, डोळे मिटते आणि तो उग्र भपकारा आत गेला की झाकण लावून दिवसाच्या कामाला लागते. ही सवय वर्षभर नसते. चैत्र लागला, आमच्या या हिंदी मुलखात, माधवगंजात, दुपारची गरम लू वाहायला लागली, गल्लीच्या तोंडाशी कैरीची हातगाडी उभी राहिली की ती आपोआप सुरू होते. आखातीज, म्हणजे अक्षय्य तृतीया, मागे पडली की हळूहळू सुटते. आई म्हणते, "किती वर्षं झाली आता. सोड ना ते." मी हो म्हणते. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबी हातात.

यंदाही कैऱ्या आल्या आहेत. लग्नसराई जोरात आहे, रोज कुठून तरी बँड ऐकू येतो आणि बाबांचा फोन सारखा वाजतो. माझे बाबा आचारी आहेत. मराठी घरांत दामूकाका, हिंदी घरांत महाराज. दोनशे पानांचा अंदाज ते कागद न घेता सांगतात, चार माणसांचा मात्र त्यांना आयुष्यात कधी आला नाही. पहिल्या लॉकडाऊनमध्ये सक्तीने घरी बसावं लागलं, तेव्हा कंटाळून एक दिवस त्यांनी वरणाला फोडणी दिली. पातेल्यात डोकावून आई म्हणाली, "वऱ्हाड किती वाजता येतंय?" तेच वरण आम्ही दोन दिवस खाल्लं.

त्यांचा एक नियम आहे, तो त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला. नैवेद्य दाखवायच्या आधी स्वयंपाकातलं काहीही चाखायचं नाही. मग कमी-जास्त कळायचं कसं? तर नाकाने. झाकण काढायचं, पातेल्यावर वाकायचं, उजव्या तळव्याने वाफ आपल्याकडे ओढायची आणि क्षणभर थांबायचं. तेवढ्यात त्यांना सगळं समजत असे. "मिठाला वास नसतो गं," ते मला सांगायचे, "पण मीठ पडलं की बाकीच्यांना आपापला वास सापडतो." लहानपणी मला ही थाप वाटे. मी एकदा मुद्दाम आमटीत मीठ घातलंच नाही. त्यांनी वाफ ओढली, माझ्याकडे बघितलं आणि मिठाची बरणी पुढे सरकवली.

तर हे नाक आमच्या घराचं पोट होतं. हे तेव्हा कोणी बोलून दाखवत नसे, कारण नाक असतंच, त्याचा काय विचार करायचा.

साथीच्या पहिल्या वर्षी भीती नवी होती आणि गाठीला थोडे पैसे होते. दुसऱ्या वर्षी भीती घरच्यासारखी झाली होती आणि पैसे संपले होते. त्या दुसऱ्या चैत्रात बाबांनी हिवाळ्यापासून अकरा लग्नं धरली होती. कर्फ्यू लागला आणि एकेक फोन येऊ लागला. बयाणा परत करावा लागला, बाबांनी तो कोणी न मागता केला. मी शिकवते ती शाळा आधी अर्धा पगार देत होती, मग "बघू" म्हणू लागली. माझा धाकटा भाऊ नीलेश मोबाइलच्या दुकानात कामाला होता, त्या दुकानाचं शटर खाली. घर भाड्याचं. आई तेलाची पिशवी कापायची आणि उलटी करून बरणीवर टांगून ठेवायची. थेंब पडेपर्यंत मी तिकडे बघत बसे. त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त भीती वाटे ती सिलिंडर हलवून बघणाऱ्या आईच्या चेहऱ्याची.

डबे सुरू झाले ते फाटक काकूंमुळे. काकू गोरखीजवळ राहतात, एकट्या, सत्तरी उलटलेल्या, जिभेने तिखट. त्यांची लेक पुण्याहून रडवेली होऊन बोलली, "दामूकाका, आईची कामवाली येत नाही. एका वेळचं तरी पोचवाल का?" आठ दिवसांत अशी आठ घरं झाली. सगळी म्हातारी माणसं, सगळ्यांची मुलं पुण्याला, बेंगळुरूला, नाहीतर त्याहून लांब. बाबांना आठ घरांचं पंधरा पानांचं गणित जमेना म्हणून पहिले चार दिवस आम्हीही तेच जेवलो आणि वर शेजाऱ्यांना दिलं. पाचव्या दिवशी आईने तांदूळ स्वतःच्या हाताने मोजून द्यायला सुरुवात केली. महिन्याचं भाडं त्या पंधरा पानांतून निघणार होतं. दुसरं काहीच येत नव्हतं.

डबे मी पोचवायची, स्कूटीवर, दोन मास्क एकावर एक लावून. लष्कर भागातले रस्ते इतके मोकळे मी कधी बघितले नव्हते. डोंगरावरचा किल्ला एरवी धुळीत अर्धा दिसतो, तो अगदी जवळ आल्यासारखा वाटायचा आणि मला ते आवडत नसे. चौकात पोलीस थांबवायचे. "कहाँ?" "बुजुर्गों का खाना है भैया." मग ते पिशवीकडे बघायचे आणि मान हलवायचे. मागून सायरन आला की मी स्कूटी कडेला घ्यायची आणि तो कुठल्या गल्लीत वळतो ते बघायचं नाही असं ठरवून बघायची.

हरिशंकरपुरममध्ये साठे आजी-आजोबा. आजींना दम्याचा त्रास. मी पिशवी फाटकाला अडकवून लांब उभी राहायची. आजोबा दारातून विचारायचे, "आज काय बनवलं दामूने?" मी सांगायची. ते आत वळून मोठ्याने सांगायचे, "अगं, कैरीची डाळ आहे." आतून टाळी वाजायची. आजींना दम लागे म्हणून त्या बोलण्याऐवजी टाळी वाजवत.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. डब्यांच्या स्वयंपाकालाही बाबांचा नियम लागू होता. आधी वाटीभर देवासमोर, मग डबे भरायचे आणि घरच्यांची पानं डबे पोचल्यावर, दीडच्या पुढे. म्हणजे आमच्या घरात शिजलेलं अन्न आमच्या आधी आठ घरांत चाखलं जाई. यात कोणाला काही वावगं दिसलं नाही. उलट आईला त्याचा अभिमान होता.

त्या दिवशी चैत्रगौरीसाठी कैरीची डाळ होती आणि डब्यांत आमटी, भात, भाजी, पोळ्या. आई पहाटेपासून गच्चीवर कुरडया घालत होती, त्याही विकायच्या होत्या. नीलेश झोपलेला. मी आंघोळ करून मास्क लावूनच स्वयंपाकघरात आले. बघितलं तर बाबा पातेल्यावर वाकले होते. त्यांनी वाफ ओढली, मान डोलावली. नैवेद्य दाखवला, डबे भरले आणि मी निघाले.

परत आले तेव्हा फोन वाजत होता. फाटक काकू.

"तक्रार नाही करत हं मी," त्या म्हणाल्या, "पण दामूला सांग, आमटी जळलेली लागून राहिली आहे आज. आणि मीठ नाहीच. त्याचं लक्ष कुठे आहे?"

मी हसले. बाबांची आमटी जळणं म्हणजे काकूंना काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून. हसत हसतच मास्क काढला आणि हसू तिथेच थांबलं. अख्खं घर करपट वासाने भरलं होतं. घसा खवखवावा इतका. आणि त्या वासाच्या मध्यभागी, लागलेल्या पातेल्यापासून हातभर अंतरावर, बाबा पाटावर बसून शांतपणे कैरी किसत होते.

"काय झालं?" त्यांनी मला विचारलं.

मी फळीवरून हिंगाची डबी काढली. त्यांच्यापुढे धरली. "वास येतोय?"

"हिंग आहे ना."

"डोळे मिटा."

त्यांनी मिटले. मी डबी ठेवली आणि देव्हाऱ्यातला कापूर त्यांच्या नाकाखाली धरला. त्यांनी श्वास घेतला. लांब घेतला. पुन्हा घेतला.

"हिंगच," ते म्हणाले.

डोळे उघडून त्यांनी माझ्या हातातला कापूर बघितला. मग कैरी आणि किसणी बाजूला ठेवली, धोतराला हात पुसले आणि माझ्यापासून सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकले. मी आयुष्यात अनेकदा घाबरले आहे, पण माझे वडील मला घाबरून मागे सरकताना मी तेव्हा प्रथम बघितले. माझ्यामुळे नव्हे, माझ्यासाठी. ते समजायला मला जरा वेळ लागला.

"कधीपासून?"

"परवा," ते म्हणाले. "वाटलं, उन्हाळी सर्दी. मग वाटलं, नसली तर? डबे बंद होतील."

परवा. म्हणजे तीन दिवसांचे डबे.

पत्रावळी आणि मोठी पातेली ठेवायची मागची खोली आम्ही बाबांसाठी रिकामी केली. रिकामी कसली, पातेली एकात एक घातली आणि मध्ये खाट लावली. दार लोटून घेतलं. आणि अलीकडे आम्ही तिघं बसलो, आई, नीलेश आणि मी.

"ताई, अभी किसी को कुछ मत बोल," नीलेश दबक्या आवाजात म्हणाला. "टेस्ट तर होऊ दे. दारावर पोस्टर लागेल. सगळ्या मोहल्ल्याला समजेल. मग सीझन खुलला तरी कोण बोलावणार आहे बाबांना? लोक म्हणतील, इन्हीं के खाने से फैला था."

खोटं काहीच नव्हतं त्यात. आचाऱ्याच्या घरातून आजार गेला ही गोष्ट एकदा पसरली की ती वर्षानुवर्षं पंगतीत वाढली जाते. आईने पदर तोंडावर धरला होता. ती फक्त एवढंच म्हणाली, "साठे आजींना दमा आहे."

मी काय म्हणाले? इतक्या वर्षांत हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "संध्याकाळपर्यंत थांबू." लिहिताना सोपं वाटतं. पण त्या क्षणी मला खरोखर वाटत होतं की संध्याकाळ झाली की काहीतरी होईल, बाबांना एकदम वास येईल, काकूंचाच फोन येईल की आमटी छान होती गं, मी गंमत केली. मला आजींची टाळी आठवत होती आणि तरी मी थांबू म्हणत होते. भाडं, सिलिंडर, तेलाची टांगलेली पिशवी. भीती माणसाला वाईट करत नाही असं म्हणायला मला आवडलं असतं.

आतून खाट करकरली. मग बाबांचा आवाज आला, दाराला तोंड लावून बोलल्यासारखा. "फोन दे इकडे."

मी फोन उंबऱ्यावर ठेवला आणि मागे झाले. दार वीतभर उघडलं, हात आला, फोन गेला.

आठही फोन त्यांनी स्वतः केले. आम्ही अलीकडे बसून ऐकत होतो. "दामू बोलतोय. माझा वास गेलाय. तीन दिवस झाले, मी सांगितलं नाही. चूक माझी आहे, पोरांची नाही. उरलेलं अन्न टाका. वाफ घ्या. डॉक्टरांना आजच विचारा. उद्यापासून डबा नाही, राहिलेल्या दिवसांचे पैसे परत पाठवतो." प्रत्येक वेळी हेच, याच क्रमाने. एका घरातून ओरडण्याचा आवाज आमच्यापर्यंत पोचला. बाबा म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." पुन्हा म्हणाले, "बरोबर आहे." तो फोन बराच वेळ चालला.

फाटक काकूंचा फोन सर्वांत शेवटी. त्यांचं बोलणं आम्हाला ऐकू आलं कारण त्या फोनवर नेहमीच गल्लीला ऐकवल्यासारख्या बोलतात. "मला खिचडी करता येते," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं केली आहे. तू झोप आता." आणि फोन ठेवला. आतून पातेल्याचं झाकण हलल्याचा आवाज आला आणि आईने उठून दाराला हात लावला, पण उघडलं नाही.

पुढचे चौदा दिवस माझ्या आठवणीत एकाच लांब सकाळीसारखे आहेत. रिपोर्ट आला, आम्हाला जे ठाऊक होतं तेच त्यात होतं. दारावर कागद लागला. भाजीवाला आमच्या दारापाशी आवाज बंद करून पुढच्या दारापाशी सुरू करू लागला. समोरची बाई मात्र रोज दुधाची पिशवी खिडकीच्या गजाला अडकवून जायची, आमच्याकडे न बघता. बाबांच्या बोटाला लावायचं ते यंत्र डॉक्टरांनी कुठूनतरी मिळवून दिलं होतं. चौऱ्याण्णव. त्र्याण्णव. आई आकडा विचारायची आणि मी एक वाढवून सांगायची. नंतर कळलं, बाबाही मला एक वाढवून सांगत होते. एक दिवस ताप इतका चढला की ते आतून कोणाला तरी "पानं घ्या, पानं घ्या" म्हणून सांगत होते. मी दाराबाहेर बसून होते. बाबा जातील, असं मला त्या दुपारी सरळ वाटलं. त्या वाटण्याला मी काही केलं नाही, ते माझ्या शेजारी बसून राहिलं.

आणि रोज सकाळी आठ फोन. ते माझं काम. "कसे आहात? ताप? खोकला?" काहीजण बोलायचे, काहीजण नुसतं "ठीक" म्हणून ठेवायचे, जे ओरडले होते ते उचलून काहीच बोलत नसत, मी श्वास ऐकून ठेवून द्यायची. कॅलेंडरवर मी दिवस खोडत नव्हते, मला भीती वाटे की खोडला तर दृष्ट लागेल. एम.एस्सी. झालेली बाई मी.

नवव्या दिवशी साठ्यांचा फोन कोणी उचलला नाही. अकरा वेळा लावला. आम्ही घराबाहेर पडायचं नव्हतं, मला ते पक्कं माहीत होतं. मी दोन मास्क लावले आणि स्कूटी काढली. नीलेश गल्लीपर्यंत मागे धावला, "ताई, पागल हो गई है क्या?" मी थांबले नाही. हरिशंकरपुरमच्या वळणावर एक ॲम्ब्युलन्स उभी होती आणि मला पुढे स्कूटी चालवता येईना. ढकलत नेली. फाटकापासून लांब, रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. अंगणात आजोबा तुळशीला पाणी घालत होते.

"फोन," मी ओरडले.

"चार्जिंगला लावलाय," ते म्हणाले. "तू कशाला आलीस उन्हाची? दामू कसा आहे?"

आजोबांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग आत वळून म्हणाले, "अगं, आचाऱ्याची मनू आलीय." आणि आतून टाळी वाजली. दोनदा. मी तिथे डांबरावर, भर उन्हात, खाली बसले.

आठही घरं वाचली. आमच्या डब्याने कोणाला काही झालं नाही. हे वाक्य मी तेव्हापासून स्वतःला किती वेळा सांगितलं असेल. अन्नातून पसरत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण डब्यांच्या कड्या बाबांच्या हातांनी लावलेल्या होत्या आणि एका संध्याकाळसाठी मी आजींना पणाला लावलं होतं. त्या वाचल्या म्हणून माझं थांबणं पुसलं जात नाही.

बाबाही उठले. वजन निम्मं झाल्यासारखे दिसत होते. पहिल्या दिवशी खोलीबाहेर आले आणि आपणहून फळीवरून हिंगाची डबी काढली. आम्ही तिघं श्वास धरून बघत होतो. त्यांनी नाकाशी धरली, खूप वेळ. मग झाकण लावून जागेवर ठेवली आणि चहा मागितला.

वास आला नाही. पावसाळ्यात नाही, दिवाळीत नाही. कोणी म्हणालं तुपाचे थेंब, कोणी लिंबाची साल रोज हुंगायची. सगळं केलं. आज इतक्या वर्षांनी कधीतरी त्यांना अचानक काहीतरी येतं, पण ते भलतंच असतं. मोगऱ्याला रॉकेलचा वास येतो म्हणतात. लग्नं सुरू झाली आणि लोकांनी बोलावलं. नीलेशची भीती खरी ठरली नाही. पहिलं काम तर फाटक काकूंच्याच नातवाची मुंज. काकूंनी फोनवर नेहमीच्या आवाजात सांगितलं, "दामूच करेल. गल्लीभर सांग."

त्या मुंजीत मी सोबत गेले होते, बाबा अजून थकत म्हणून. आमटी उकळली. बाबांनी झाकण काढलं, वाकले, तळव्याने वाफ ओढली आणि तसेच उभे राहिले. वाफ त्यांच्या तोंडावरून वर जात होती. बाहेर भटजी नैवेद्याचं ताट मागत होते.

"मने," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "जरा ये. वास बघ गं."

मी वाकले. मला चिंच कळली, गूळ कळला, हिंग कळला. मीठ कसं कळतं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. घाबरून मी म्हणाले, "चिमूटभर हवं." त्यांनी घातलं. नशिबाने ते बरोबर निघालं. पण पुढच्या वेळी नशिबावर सोडायचा धीर माझ्यात नव्हता. पुढच्या कामात बाबांची पाठ वळली तेव्हा मी पळीने थेंबभर आमटी तळहातावर घेतली आणि चाटली. देवाला त्या दिवशी उष्टं गेलं. माझ्या आजोबांपासून चालत आलेला नियम माझ्या जिभेवर मोडला. मला वाटलं होतं, काहीतरी होईल. काही झालं नाही. पंगत उठली, लोक बोटं चाटत होते.

तेव्हापासून प्रत्येक कामाला मी जाते. शाळा सुटली की, रजा घेऊन, जमेल तसं. लोक म्हणतात, दामूची लेक तयार झाली, नाक बापाचं घेतलंय. बाबा हसतात. आणि मी घाबरते. देवाची नाही. एक दिवस बाबा मागे वळून बघतील, तळहात तोंडाशी असताना.

काल पुन्हा चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं एका घरी, साठ पानं. आमटी झाली. बाबांनी झाकण काढलं, वाफ ओढली, सवयीने. मग फळीवरून एक छोटी वाटी काढली, पळीभर आमटी तिच्यात घातली आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून म्हणाले, "हात धुऊन येतो."

हात त्यांनी आत्ताच धुतले होते. मी मागची सगळी कामं आठवून बघितली. बारसं, डोहाळजेवण, ते मोठं लग्न. प्रत्येक वेळी ते हात धुवायला गेले होते. वाटी मात्र काल पहिल्यांदा होती.

मी आमटी प्यायले. मीठ कमी होतं. घातलं, ढवळलं, वाटी विसळून पालथी ठेवली. अंगणातल्या नळाचं पाणी बराच वेळ चालू होतं, मग बंद झालं. बाबा आत आले. पालथ्या वाटीकडे त्यांनी बघितलं नाही.

"वास कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"चांगला आहे, बाबा," मी म्हणाले. "दाखवा नैवेद्य."